दुहेरी तणनाशक, एकेरी मार

भातखाचरातले साचलेले पाणी हाच तणांवरचा पहिला उपाय. पाण्याखाली जमिनीतला प्राणवायू संपतो आणि पुष्कळ तणांचे बी उगवत नाही. भात मात्र पानांतली हवा मुळांपर्यंत पोचवून तगतो. पण वर्षानुवर्षे पाणी कोंडले की पाण्यातही वाढणारी तणे तेवढी मागे उरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात तसेच झाले. तिथे १९८९ साली बेनसल्फ्युरॉन-मिथाइल हे तणनाशक आले. हेक्टरी अगदी थोड्या मात्रेत लव्हाळ्याच्या जाती आणि रुंद पानांची तणे मरू लागली, साहजिकच ते शेतोशेती पडू लागले. १९९३ पर्यंत त्याला न जुमानणारी तणे सापडली. हे औषध वनस्पतीतले एकच विकर बंद पाडते. त्या विकरात किंचित बदल झालेले रोप वाचते आणि पुढच्या हंगामात बी त्याचेच उगवते.

आपल्याकडे हेच बेनसल्फ्युरॉन प्रेटिलाक्लोर या दुसऱ्या तणनाशकाबरोबर दाणेदार मिश्रणात मिळते. मात्रा हेक्टरी १० किलो. त्यात पहिले ६० ग्रॅम, दुसरे ६०० ग्रॅम. लावणीनंतर तीन दिवसांच्या आत, साचलेल्या पाण्यात टाकायचे. दोन औषधे आहेत म्हणजे तण निर्ढावणार नाही, हा समज मला धोक्याचा वाटतो. प्रेटिलाक्लोरचा भर गवतांवर, बेनसल्फ्युरॉनचा लव्हाळे आणि रुंद पानांवर. म्हणजे पुष्कळशा तणांवर खरा मार एकाच औषधाचा बसतो. प्रतिकार लांबवायचा तर दोन्ही औषधांनी त्याच तणाला निरनिराळ्या मार्गांनी मारायला हवे.

मजूर मिळत नाहीत, बेणणी परवडत नाही, एका फेरीत सगळे तण जावे, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. त्या कामाला हे मिश्रण चांगलेच आहे. आक्षेप आहे तो दरवर्षी तेच वापरण्याला. माझ्या म्हणण्याविरुद्धचा याहून वजनदार मुद्दा असा, की कॅलिफोर्नियातले सावावर्गीय गवत वेगवेगळ्या गटांतली, म्हणजे वेगवेगळ्या मार्गांनी मारणारी औषधे स्वतःच्या पेशींतच मोडून टाकते. तिथे नेमके मिश्रणही हरू शकते. म्हणूनच वाचलेले तण हाताने उपटण्याला पर्याय नाही. शिवाय औषध खाचरातच राहिले पाहिजे. १९८०च्या दशकात भातशेतीतल्या थायोबेनकार्ब या तणनाशकामुळे सॅक्रामेंटो शहराच्या पिण्याच्या पाण्याला कडवट चव येऊ लागली, तेव्हा औषध पडलेले पाणी ठरावीक दिवस शेतातच अडवण्याची सक्ती झाली.

तेव्हा पिशवी घेताना नावाऐवजी तिच्यातले घटक वाचा, पुढच्या वर्षी गट बदला, बांध फुटू देऊ नका आणि उरलेले तण बी धरण्याआधी काढा.