समुद्रही हवा, जंगलही हवं? चला स्वराज द्वीपला!

घरात कुणाला समुद्र हवा असतो, कुणाला जंगल. अंदमानच्या स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, दोन्ही मिळतं. इथल्या राधानगर बीचवर उंचच उंच झाडांचं सदाहरित जंगल थेट पांढऱ्या वाळूपर्यंत येतं. मात्र बेत आखताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

कधी जाल?
जानेवारी ते एप्रिल उत्तम. पाऊस कमी आणि समुद्र शांत असतो.

दिवस कसा आखाल?
अंदमान खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे लवकर उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. उशिरा उठलात तर निम्मा दिवस गेलाच समजा! सूर्योदय काला पत्थरला पाहा, सूर्यास्त राधानगरला. एक सकाळ एलिफंट बीचवरचे प्रवाळ पाहण्यासाठी ठेवा. काही किनाऱ्यांवर मगरींचा धोका असतो, म्हणून सूचनाफलक वाचूनच मुलांना पाण्यात सोडा.

परत कधी याल?
ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजय पुरम) विमान गाठायला आधी सुमारे दोन तासांचा बोटीचा प्रवास करावा लागतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच परत या. हाताशी राहिलेल्या वेळात सेल्युलर जेल पाहा.

आणि हो, रोख पैसे जवळ ठेवा. प्रवाळाचे तुकडे मात्र बॅगेत नको, ते नेणं बेकायदा आहे.