आहारातील कर्बोदके आणि दुग्धमेदाची निर्मिती

मुंबई शहरातील तबेल्यांतल्या म्हशी उपनगरात हलविण्याच्या हेतूने १९४९ साली गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो. परंतु ती ज्यावर पोसली जाते त्या पॅरा गवतात किंवा भाताच्या पेंढ्यात मेद अत्यल्प व कर्बोदके विपुल असतात. तेव्हा कर्बोदकांपासून मेद कसा निर्माण होतो, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

उंदीर, डुक्कर इत्यादी प्राण्यांत पिष्टाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात शोषले जाते. पेशीत त्यापासून प्रथम पायरुव्हेट व पुढे सायट्रेट बनते. सायट्रेटच्या विघटनाने अ‍ॅसेटिल कोएन्झाइम-ए मिळते आणि त्यातील दोन-दोन कार्बन अणू जोडले जाऊन मेदाम्लाची साखळी वाढत जाते. इन्शुलिन या क्रियेस चालना देते. उपवासात ती मंदावते.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांत मात्र वाट निराळी आहे. जठराच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू सेल्युलोज आंबवून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले तयार करतात. सायट्रेटचे विघटन करणारे एन्झाइम या प्राण्यांत फारच अल्प असल्याने मेदाम्लांचा मुख्य कच्चा माल ग्लुकोज नसून अ‍ॅसेटेट हा होय. चार ते चौदा कार्बनांची बहुतेक मेदाम्ले व सोळा कार्बनांच्या मेदाम्लाचा सुमारे निम्मा भाग कासेतच घडतो. उरलेली मेदाम्ले रक्तातून येतात.

अधिक दुधाच्या आशेने वैरण कमी करून धान्याचे आंबोण बेसुमार वाढविले, तर प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढते व दुधातील स्निग्धांश घटतो. याचे कारण अ‍ॅसेटेटचा तुटवडा, असे पूर्वी मानले जाई. परंतु अशा आहारात सूक्ष्मजंतू वनस्पतिजन्य लिनोलेइक आम्लाचे एक विशिष्ट समघटक रूप तयार करतात आणि ते कासेतील मेदनिर्मितीस अटकाव करते, असे २००० सालच्या सुमारास गाईंवरील प्रयोगांनी दाखवून दिले. शरीरातील चरबीचा साठा त्याच वेळी वाढू शकतो.

दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरत असल्याने या घटीची झळ गोठ्याच्या धन्यास थेट पोहोचते. सारांश, केवळ कर्बोदकांच्या प्रमाणावरून मेदनिर्मितीचा अंदाज बांधता येत नाही. त्यांचे स्वरूप कोणते आणि ती कोणत्या जठरात पचतात, हेच निर्णायक ठरते.