चेहऱ्याची नस शोधताना

आईच्या कानाच्या पाळीखालची गाठ काढावी लागेल, असे येथे ब्रिटनमधील रुग्णालयात सांगण्यात आले, तेव्हा संमतिपत्र तिला मराठीत समजावून सांगण्याचे काम आम्हा भावंडांकडे आले. ‘चेहऱ्याचा लकवा’ या धोक्यापाशी आम्ही अडखळलो. कानाखालच्या गाठीचा चेहऱ्याशी काय संबंध, हा आईचा प्रश्न रास्तच होता.

गाठ अनुकर्ण ग्रंथीत, म्हणजे लाळेच्या सर्वांत मोठ्या ग्रंथीत होती. येथील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु चेहऱ्याची नस, म्हणजे सातवी मस्तिष्क-तंत्रिका, कानामागे कवटीतून बाहेर पडून याच ग्रंथीत शिरते व तिच्या पाच मुख्य शाखा होतात. भुवई उचलणे, डोळा मिटणे, हसणे या क्रिया तिच्यावरच अवलंबून असतात. म्हणून गाठ सोडवण्यापूर्वी नस शोधावी लागते.

हा शोध ठरावीक खुणांवरून घेतला जातो. कानाच्या भोकापुढील कूर्चेच्या आतल्या टोकापासून साधारण १ सेंटिमीटर खोल, किंचित खाली व पुढे नसेचे खोड सापडते. कानाच्या नळीचे हाड व त्यामागील मॅस्टॉइड हाड जेथे जुळतात, त्या सांध्याच्या टोकापासून ते ६ ते ८ मिलिमीटर आत असते. डायगॅस्ट्रिक स्नायूच्या वरच्या कडेवरून त्याची खोली कळते. गाठीने खोडच झाकले असेल, तर आधी एखादी शाखा गाठून तिच्या मागाने उलट खोडापर्यंत जातात.

चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया बसवून नसेचा प्रतिसाद टिपणारे यंत्रही वापरतात. संगणकक्षेत्रातील आम्हाला साहजिकच त्याचा मोठा आधार वाटला. शल्यविशारदांनी मात्र सावध केले : स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल किंवा सुई निसटली असेल, तरीही यंत्र गप्पच राहते. ते गप्प आहे म्हणून तेथे नस नाही, असे मानता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आईचा खालचा ओठ एका बाजूस नीट हलत नव्हता. नस शाबूत असूनही ताणामुळे असे होऊ शकते, हे तिला आधीच ठाऊक होते. म्हणून ती धीराने राहिली. तिसऱ्या महिन्यात ओठ पूर्ववत झाला.

असा प्रसंग आल्यास आपण तीन प्रश्न अवश्य विचारावेत : नस कशी शोधणार? यंत्र वापरणार का? गाठ नसेला चिकटलेली आढळल्यास काय करणार? उत्तरे रुग्णाला स्वतःच्या भाषेत मिळावीत, यासाठी येथील सरकारी रुग्णालयात दुभाषी मागता येतो. आम्ही तो मागितला नाही. मागायला हवा होता.