पोरगं रील सोडत नाही, यात कंपनीची जबाबदारी किती? कायदा काय सांगतो

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. गावानं आपल्या हातात होतं ते केलं. पण मोबाईलच्या पलीकडं बसलेल्या कंपनीचं काय?

एक रील संपली की दुसरी हजर. बोट कुठं थांबलं, किती वेळ थांबलं याची नोंद होते आणि तसलंच पुढं येत राहतं. हे चुकून झालेलं नाही, मुद्दाम तसं बनवलंय. पोरगं जितका वेळ आत, तितक्या जाहिराती जास्त. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची आतली कागदपत्रं उघड केली. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळं ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितलं होतं. म्हणजे कंपनीला सगळं ठाऊक होतं.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. यातली खरी मेख वेगळीच आहे. पोराला दंड नाही, आईबापालाही नाही. मुलांना रोखायला पुरेसे उपाय केले नाहीत तर दंड कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पोरं पळवाटा काढणारच, पण जाब कुणाला विचारायचा हे तरी ठरलं.

आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात १८ वर्षांखालचा तो बालक. त्याची माहिती वापरायला आईवडिलांची खात्रीशीर संमती लागणार, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र हे कलम लागू व्हायला कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे.

आता खेड्यातली अडचण. खातं बापाच्या नंबरवर, जन्मसाल खोटं. नववीतलं पोरगं कंपनीच्या दप्तरी तीस वर्षांचा गडी! मग मुलांसाठीचं कुठलंच संरक्षण त्याला लागू होत नाही. खरी जन्मतारीख टाकली तर इन्स्टाग्राम १८ खालच्यांचं खातं आपोआप खाजगी ठेवतं आणि अनोळखी माणसाचे मेसेज अडवतं. ही सोय भारतात २०२५ पासून आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर पोराच्या खात्यातलं जन्मसाल एकदा बघाच.

मुलीचा फोटो जोडतोड करून अश्लील केला असेल तर आधी त्या खात्याचं नाव आणि लिंक लिहून ठेवा, मग ॲपमध्येच तक्रार करा. तक्रारीनंतर २४ तासांच्या आत तो काढण्याचं बंधन २०२१ च्या आयटी नियमांनी कंपनीवर घातलं. सोबत १९३० वर फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. लाजेपोटी खातंच डिलीट करून टाकू नका, पुरावा त्यातच असतो.