आठवण शाबूत, शब्द गायब : पीपीए म्हणजे काय?

एपिसोड ऐकायला वेळ नाही, पण वाचायला चालेल म्हणणाऱ्यांसाठी हा लिखित अवतार.

मार्च २०२२ मध्ये ब्रूस विलिसने अभिनय थांबवला. हो, तोच 'डाय हार्ड'वाला. घरच्यांनी कारण सांगितलं अफेझिया, म्हणजे भाषेची क्षमता कमी होणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनीच नेमकं निदान जाहीर केलं : फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. आता डिमेन्शिया म्हणजे विसरभोळेपणा ना? मग सुरुवात बोलण्यापासून कशी झाली?

थोडा घोळ आपल्या शब्दातच आहे. डिमेन्शियाला आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतो, त्यामुळे आपलं सगळं लक्ष स्मृतीकडे. पण काही जणांत पहिला घाव भाषेवर बसतो. काल काय जेवलो ते आठवतं, रस्ता चुकत नाही, हिशेब जमतो, फक्त शब्द निसटत जातात. याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात, थोडक्यात पीपीए. स्ट्रोकमुळे होणारा अफेझिया अचानक येतो, हा मात्र वर्षानुवर्षं वाढत जातो. प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता. पण स्मृती शाबूत असताना फक्त भाषा जाऊ शकते, हे ठळकपणे मांडलं मार्सेल मेसुलम यांनी, १९८२ मध्ये, सहा रुग्णांवरून.

२०११ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी पीपीएचे तीन प्रकार ठरवले. मला यातला सर्वात चटका लावणारा वाटतो तो सिमॅन्टिक. माणूस घडाघडा बोलतो, व्याकरण बरोबर, पण तुम्ही म्हणालात "जरा किसणी द्या", तर विचारतो, "किसणी म्हणजे काय?" शब्द ओठांवर अडलेला नसतो, त्याचा अर्थच पुसला गेलेला असतो. दुसरा लोगोपेनिक : "ते आपलं... चहा गाळायचं... ते". अर्थ आहे, शब्द सापडत नाही, आणि लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं परत म्हणता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात डेटाबेसमधल्या नोंदीच डिलीट होतात, दुसऱ्यात रॅम कमी पडते. (उपमा इथेच थांबवतो, मेंदूला बॅकअप नसतो.) तिसऱ्यात बोलणं अडखळत, कष्टाने होतं, वाक्याची जोडणी तुटते : "मी... बाजार... भाजी".

हे वर्गीकरण फक्त पुस्तकी नाही. लोगोपेनिकच्या मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरच असतो, सिमॅन्टिकमध्ये बहुधा टीडीपी-४३ नावाचं प्रथिन, आणि तिसऱ्यात बहुतेकदा टाऊ. म्हणजे बाहेरून सगळ्यांचं 'शब्द आठवत नाही' सारखंच दिसलं, तरी आतला आजार वेगळा, आणि उद्या औषध आलं तर तेही वेगळं. आज पीपीए थांबवणारं किंवा उलटवणारं औषध नाही.

मग करायचं काय? इथे मला आवडलेलं संशोधन आहे टेक्सासच्या माया हेन्री यांच्या टीमचं. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी त्यांनी एकदम साधी युक्ती वापरली. रुग्णाने स्वतःचे विषय निवडायचे, जसं की स्वतःची ओळख किंवा हॉटेलात ऑर्डर देणं. त्यावर छोटा मजकूर लिहायचा. मग व्हिडिओत बोलणाऱ्या माणसाच्या ओठांकडे बघत त्याच्यासोबत रोज घरी म्हणायचं. २०१८ मध्ये दहा जणांवरचे निष्कर्ष छापून आले : सराव केलेल्या मजकुरातला फायदा वर्षभरापर्यंत टिकला. दहा म्हणजे फार थोडे, आणि सुधारणा मुख्यतः घोटलेल्या वाक्यांपुरती, मान्य. पण मेंदू आक्रसत असतानाही माणूस शिकू शकतो, हे माझ्या दृष्टीने लहान नाही. नातवाशी फोनवर चार वाक्यं बोलता येणं, हे त्या घरात विचारा काय असतं ते.

आता आपल्याकडची अडचण. सिमॅन्टिक प्रकाराची एक खूण इंग्रजीत झटकन दिसते : 'यॉट' हा शब्द रुग्ण स्पेलिंगप्रमाणे 'याच्ट' वाचतो. देवनागरीत जवळपास लिहितो तसंच वाचतो, त्यामुळे ही खूण इथे फारशी चालत नाही. ('जरा' म्हणजे थोडं की म्हातारपण, असल्या जोड्या वापरून बघता येईल का, हा आपला माझा किडा.) म्हणून चाचणी रुग्णाच्या भाषेतच तयार व्हावी लागते, नुसतं भाषांतर पुरत नाही. आयसीएमआरने भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच बनवला, तो सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. त्या पाचांत मराठी नव्हती.

घरात कुणी पन्नाशी-साठीचं सारखं "ते हे" करत असेल आणि महिन्यागणिक ते वाढत असेल, तर 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून सोडू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, स्पीच थेरपिस्टबद्दलही लगेच विचारा. जाताना कुठले शब्द अडतात, कुठल्या भाषेत जास्त अडतात, हे मोबाइलमध्ये टिपून न्या. निदान झालंच, तर त्यांची रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. पुढे बोलणं अवघड झालं की फोनवर बटण दाबून तीच वाक्यं वापरता येतात, आणि ती मशीनच्या नाही, त्यांच्या आवाजात असतात.