तेराव्या महिन्याचा धनी

चातुर्मास नावाने चार महिन्यांचा. पण 2023 साली तो जवळजवळ पाच महिने चालला. 29 जूनला आषाढीला देव निजले, ते 23 नोव्हेंबरला कार्तिकीला उठले. मध्ये अधिक श्रावण आला होता. पंचांगकर्त्यांच्या गणिताने देवाची झोप लांबते काय, ही शंका अनेकांनी काढली. 

गणित असे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौरवर्ष 365 दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट साचते आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना धरून ती भरली जाते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. मिथुन राशीत सूर्य एकतीस दिवसांहून जास्त रेंगाळतो, धनु राशीत तितका नाही. म्हणून अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन एवढ्यातच पडतो.

श्रद्धेने या शिल्लक महिन्याची लावलेली व्यवस्था गणितापेक्षा रसाळ आहे. बाकी महिन्यांना आपापल्या देवता होत्या, याला कोणी धनी नव्हता. मलमास म्हणून हिणवला गेलेला तो विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचे पुरुषोत्तम हे नाव दिले, अशी पुराणकथा. म्हणून त्यात लग्नमुंजी नाहीत; स्नान, जप, दान एवढेच. वाईच्या घाटांवर आणि माहुलीच्या कृष्णा-वेण्णा संगमावर स्नाने होतात, घरोघरी पुरणाचे धोंडे होतात. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून तीस-तीन अनारसे, वर दिवा ठेवून, वाण म्हणून दिले जातात. माण-खटावच्या कोरड्या वर्षी हे वाण जड जाते. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण तिकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

झोपेचा नियम मात्र पक्का आहे. 2015 साली आषाढ दोन आले. देव पहिल्यात निजले नाहीत, आषाढी दुसऱ्या, म्हणजे निज आषाढात, 27 जुलैला झाली. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणजे आषाढाच्या आधीच. त्यामुळे चातुर्मास चारच महिन्यांचा, पण वारी उशिरा. 2025 ची आषाढी 6 जुलैला होती, 2026 ची 25 जुलैला. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निज ज्येष्ठ वद्य अष्टमीलाच निघते. नीरास्नान करून ती सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा कधी शेतकऱ्याची पेरणी व्हायची असते, तर कधी पीक उगवून वर आलेले असते. तिथीची घटवाढ बहुधा लोणंदला जिरवतात: मुक्काम कधी एक रात्रीचा, कधी दोन.

लांबलेल्या चातुर्मासाची खरी झळ स्वयंपाकघराला बसते. कांदेनवमीला कांदा, लसूण, वांगे पोटभर खाऊन मग ते वर्ज्य करायचे, असा अनेक घरांचा नेम. 2023 ची कांदेनवमी 27 जूनला होती. वांगे सोडणारे पुष्कळजण कार्तिकीलाही ते खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच ते पानात येते. त्या वर्षी चंपाषष्ठी 18 डिसेंबरला आली. कृष्णाकाठच्या वांग्यांच्या मुलखात एवढा नेम पाळणे काही सोपे नव्हे.