पेट्रोल इंजिन सुरू न होण्याचीं कारणें व उपाय

पाहणीपत्रकांत विहीर ओलिताची लिहिली म्हणजे पीक भिजलेंच असें नाहीं, हें आम्ही महसूल खात्यांत असतांना जाणून होतों. सेवानिवृत्तीनंतर गेवराई तालुक्यांतील उमापुरास स्वतःच्या शेतांत त्याचा अनुभव आला. गव्हास पेरणीनंतर सुमारें २१ दिवसांनीं, मुकुटमुळें फुटतांना, पाणी अवश्य लागतें. नेमकी तेव्हांच वीज गेली, आणि पंपाचें लहान पेट्रोल इंजिन दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होईना. मिस्त्रीनें व्हॉल्व्ह खोलले. दोन दिवस गेले. दोष निघाला तो टाकीच्या झांकणास असलेल्या, चिखलानें बुजलेल्या बारीक छिद्रांत! म्हणून यंत्र खोलण्यापूर्वीं इंधनाची वाट तपासावी, असें आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.

डिझेल इंजिनास कार्बोरेटर नसतो. तेथें पंप इंधन दाबून नोझलमधून सोडतो. लहान पेट्रोल इंजिनांत बहुधा पंप नसतो. टाकी वर व कार्बोरेटर खालीं असतो. त्या उंचीनेंच इंधनास दाब मिळतो. पेट्रोलची पातळी ३० सेंटिमीटर वर असेल, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरास अवघा २२ ग्रॅम भरतो. कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारगाडींतील पंपाचा दाब याच्या सुमारें दहापट असे. आमच्या यंत्रांतील फ्लोट व पेट्रोल अडविणारी सुई हीं थोड्या दाबासच पुरतात. यास्तव टाकी उंच चढवूं नये, बाहेरचा पंपही जोडूं नये. सुई मागें रेटली जाऊन पेट्रोल वाहूं लागतें.

आतां तपासणीचा क्रम. इंजिन थंड असावें, जागा मोकळी असावी, विडी-काडी दूर ठेवावी. प्रथम झांकण सैल करून पहावें. झारीचें वरचें तोंड हातानें दाबलें कीं धार थांबते, तसेंच छिद्र बुजलें कीं पेट्रोल उतरत नाहीं. नंतर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून कॉक उघडावा व येणारें पेट्रोल कांचेच्या बाटलींत धरावें. सारखी धार आली तर वरची वाट मोकळी आहे. थेंब थेंब आलें तर गाळणी, नळी व कॉक साफ करावे. धार ठीक असून प्लग कोरडा राहिला, तर जेट बुजला आहे. तो हवेनें फुंकावा. तार घातल्यास छिद्र मोठें होतें. प्लग ओला निघाला, तर पेट्रोल अधिक झालें. कॉक बंद करावा, चोक उघडा ठेवावा व प्लग पुसून वाळवावा. वारंवार असें होत असल्यास फ्लोट हलवून पहावा. आंत पेट्रोल खळखळलें तर तो फुटका आहे.

थंड इंजिनांत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून सुरू करतांना चोक लावून हवा कमी करावी व सुरू होतांच हळूहळू उघडावा.

सन २०२५ पर्यंत आपल्या देशांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून तळाशीं बसतात, व इंजिनास प्रथम तेंच मिळतें. बाटलींत दोन थर दिसल्यास टाकी रिकामी करावी. काम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावें, म्हणजे वाटी रिती होते. महिनाभर काम नसेल तर टाकीही रिती करावी.

या तपासणीस पाव तासही लागत नाहीं. पाण्याची चुकलेली पाळी मात्र पिकास परत मिळत नाहीं.